अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चमध्ये पहिल्यांदा जाताना

न्यू जर्सीत आल्यावर पहिले दोन महिने आम्ही रविवारची प्रार्थना घरीच केली. चर्च गाडीने पाच मिनिटांवर होतं. कोपऱ्यावर पांढरी पाटी होती, वर ढालीचं चिन्ह आणि खाली 'द एपिस्कोपल चर्च वेलकम्स यू'. ती पाटी मी रोज वाचत होते. तरी पाय उचलत नव्हता. आत कुठे बसायचं, प्रभुभोजन घ्यायचं की नाही, मुलीला कुठे ठेवायचं, कोणी कागद मागितले तर काय दाखवायचं, यातलं काहीच माहीत नव्हतं. सांगणारं मराठी माणूसही आसपास नव्हतं.

आता बरीच वर्षं मी त्याच चर्चच्या दारात उभी राहून नव्या लोकांचं स्वागत करते. पार्किंगमध्ये गाडी लावून दहा मिनिटं आतच बसून राहिलेलं कुटुंब दिसलं की मला सगळं आठवतं. नाशिक, नगर, पुणे, मुंबई, वसई इथून आलेल्या आणि येणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी हे सगळं क्रमाने लिहिते आहे. नवरा किंवा बायको ख्रिस्ती नसेल तरी वाचा, त्यांच्यासाठीही यात बरंच आहे.

१. आधी हे घराणं कोणतं ते समजून घ्या

एपिस्कोपल चर्च म्हणजे अँग्लिकन घराण्याची, म्हणजे इंग्लंडच्या चर्चपासून निघालेल्या घराण्याची, अमेरिकेतली शाखा. अमेरिका ब्रिटनपासून वेगळी झाली तेव्हा इथल्या अँग्लिकन लोकांना स्वतःचे बिशप हवे होते. पण इंग्लंडमध्ये बिशप व्हायचं तर राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागायची. म्हणून सॅम्युअल सीबरी १७८४ साली स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनला गेले आणि तिथल्या बिशपांच्या हातून त्यांचा अभिषेक झाला. १७८९ मध्ये फिलाडेल्फियात इथल्या चर्चने स्वतःचं प्रार्थनापुस्तक मंजूर केलं. पाटीवरच्या ढालीत निळ्या चौकोनावर जे नऊ छोटे क्रूस दिसतात, ते सुरुवातीच्या नऊ डायसिसचे (डायसिस म्हणजे एका बिशपांचं कार्यक्षेत्र).

आपला संबंध कुठे येतो? नागपूरला २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे आपलं सीएनआय, तयार झालं. त्यात अँग्लिकनही होते. नाशिकच्या शरणपूरचं मिशन चर्च मिशनरी सोसायटीचं, म्हणजे मुळात अँग्लिकन. नगरकडचं अमेरिकन मराठी मिशन वेगळ्या परंपरेचं होतं, पण तिथल्या मंडळ्याही याच ऐक्यात आल्या. सीएनआय अँग्लिकन कम्युनियनचं सभासद आहे आणि एपिस्कोपल चर्चशी त्याचा पूर्ण सहभागितेचा संबंध आहे. सोप्या भाषेत सांगायचं तर तुमचा बाप्तिस्मा, तुमचं दृढीकरण (कन्फर्मेशन) आणि तुमचे बिशप इथे मान्य आहेत. तुम्ही धर्म बदलत नाही, पंथही बदलत नाही. गाव बदललं, एवढंच. माझ्या सासूबाईंना हे पटायला वेळ लागला, म्हणून मुद्दाम पहिल्याच कलमात लिहिलं.

आणखी एक गोष्ट मला फार जवळची वाटते. इथल्या चर्चच्या कॅलेंडरात ५ एप्रिलला, त्यांच्या निधनाच्या दिवशी, पंडिता रमाबाईंचं स्मरण असतं. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजच्या अँग्लिकन सिस्टर्सकडे झाला. पुण्याच्या पंच हौदातल्या सिस्टर्सही त्याच संघाच्या. म्हणजे तुम्ही आत पाऊल टाकण्याआधीच एक मराठी बाई तिथे पोचलेली आहे.

२. नाव नीट वाचून चर्च निवडा

इथे पहिला घोळ होतो तो नावांचा. 'आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल' हे स्वतंत्र मेथडिस्ट चर्च आहे. नुसतं 'अँग्लिकन' लिहिलेलं चर्च बहुधा २००९ मध्ये वेगळ्या झालेल्या गटाचं असतं. तिथेही लोक प्रेमानेच बोलतील, पण तुमच्या बदलीच्या पत्राचा आणि बिशपांचा हिशेब वेगळा होतो. एपिस्कोपल चर्चच्या संकेतस्थळावर पिन कोड टाकला की जवळची चर्च दिसतात, तिथूनच शोधा.

दोन-तीन चर्च पाहून मग ठरवायला काही हरकत नाही. कुठे धूप, घंटा आणि गायलेली उपासना असते, तर कुठे सगळं साधं. कुठे साठ माणसं, कुठे चारशे. वेदीसमोर स्त्री पाळक उभी दिसेल. इथे १९७६ साली स्त्रियांच्या दीक्षेला मान्यता मिळाली आणि २००६ मध्ये कॅथरीन जेफर्ट्स शोरी या संपूर्ण चर्चच्या प्रमुख बिशप म्हणून निवडून आल्या. समलिंगी जोडपीही बाकांवर दिसतील आणि काही ठिकाणी पाळकांमध्येही. घरातल्या मोठ्यांना हे आधी सांगून ठेवा, म्हणजे तिथे बसल्यावर कुजबुज होत नाही.

३. वेळ फोन करून विचारा

बहुतेक ठिकाणी रविवारी दोन उपासना असतात. सकाळी आठची लहान असते, बहुधा गाण्याशिवाय, आणि पुष्कळदा जुन्या इंग्रजीत. दहा-साडेदहाची मोठी असते, तिला गायकवृंद असतो, मुलांची शाळा असते, नंतर कॉफी असते. पहिल्यांदा जाताना मोठ्या उपासनेला जा. आठच्या उपासनेनंतर माणसं भराभर निघून जातात, बोलणं होत नाही.

वेळेचे तीन सापळे आहेत. एक, जूनपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत अनेक चर्च एकच उपासना ठेवतात आणि तिची वेळही बदलतात. दोन, मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जातं. मोबाइल आपोआप बदलतो, भिंतीवरचं घड्याळ बदलत नाही. तिसरा सापळा आपल्या लोकांना सर्वांत जास्त लागतो, तो नाताळचा. आपल्याकडे २५ डिसेंबरच्या सकाळची भक्ती म्हणजे वर्षातली मोठी भक्ती. नवे कपडे, भरगच्च बाक, नंतर घरोघरी फराळ. इथे मोठी उपासना २४ तारखेच्या संध्याकाळी आणि रात्री होते. आमच्या पहिल्या नाताळला आम्ही २५ ला सकाळी सगळे नटूनथटून गेलो, तर मोजून अकरा माणसं होती आणि ऑर्गनही बंद. मुलगी रडकुंडीला आली. तुम्ही २४ ला जा, आणि अर्धा तास आधी जा. त्या रात्री जागा मिळत नाही.

कपड्यांची चिंता करू नका. साडी, सलवार-कमीज, जीन्स, सगळं चालतं. डोक्यावर पदर घेण्याची सवय असेल तर घ्या, कोणी काही म्हणणार नाही. स्त्रिया एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला अशी रीत इथे नाही, कुटुंबं एकत्र बसतात.

४. आत गेल्यावर

दारात कोणीतरी हातात छापील पत्रक देईल. त्याला बुलेटिन म्हणतात. त्यात सगळा क्रम असतो. मधल्या किंवा मागच्या बाकावर, कडेला बसा, म्हणजे पुढच्यांचं पाहून उठता-बसता येतं. उभं राहणं, बसणं, गुडघे टेकणं यांचा साधारण नियम असतो, पण सक्ती कुणालाच नाही.

समोरच्या बाकाच्या पाठीला दोन पुस्तकं असतील. एक प्रार्थनापुस्तक, सध्याचं १९७९ सालचं. त्यातली पवित्र सहभागितेची, म्हणजे प्रभुभोजनाची, नेहमीची उपासना पान ३५५ वर सुरू होते, मतांगीकार (क्रीड, म्हणजे विश्वासाची कबुली) ३५८ वर आहे आणि प्रभूची प्रार्थना ३६४ वर. हे तीन आकडे लक्षात ठेवले तरी निम्मं काम होतं. दुसरं पुस्तक गीतांचं, १९८२ चं, त्यात ७२० गीतं. भिंतीवरच्या लाकडी फळीवर त्या दिवसाच्या गीतांचे क्रमांक लावलेले असतात. आता हे नीट वाचा: क्रमांकाआधी 'एस' असेल, उदाहरणार्थ 'एस २८०', तर तो गीत क्रमांक २८० नव्हे. 'एस'वाले भाग पुस्तकाच्या अगदी सुरुवातीला, पहिल्या गीताच्याही आधी असतात. 'एस २८०' म्हणजे परमेश्वराच्या गौरवाचं स्तोत्र. मी तीन रविवार चुकीचं पान उघडून उभी होते. चौथ्या रविवारी शेजारच्या आजींनी काही न बोलता माझं पुस्तक हातात घेतलं, योग्य पान उघडलं आणि परत दिलं. आता दारात पुस्तक देताना मी ते पान आधीच उघडून देते.

मध्यावर पाळक म्हणतील, प्रभूची शांती तुम्हांबरोबर असो. मग सगळे एकमेकांशी हात मिळवतात. आपण हात जोडून मान लववली तरी चालतं, समोरचाही तसंच करतो.

प्रभूची प्रार्थना मराठीत म्हणा. आमच्या चर्चमध्ये पाळक स्वतःच सांगतात की ज्याला ज्या भाषेत मनापासून येते त्या भाषेत म्हणावी. तुमच्याकडे तसं सांगितलं नाही तरी हळू आवाजात म्हणायला कोणी अडवत नाही. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' हे शब्द त्या परक्या भिंतींमध्ये पहिल्यांदा ओठांवर आले तेव्हा मला माझी आजी आठवली. ती चर्चला देऊळच म्हणायची.

५. प्रभुभोजन: इथे थोडं सावकाश

आपल्याकडच्या पुष्कळ मंडळ्यांत प्रभुभोजन महिन्यातून एकदा असतं. इथे ते दर रविवारी असतं. त्यासाठी वेगळी चिठ्ठी किंवा परवानगी लागत नाही. चर्चचा नियम असा की बाप्तिस्मा झालेल्या कोणालाही ते घेता येतं, मग तो कोणत्याही चर्चचा असो.

रांगेत पुढे जा. वेदीच्या कठड्याशी गुडघे टेका किंवा उभे राहा. उजवा तळहात डाव्या तळहातावर ठेवून पुढे करा. भाकर हातावर ठेवली जाईल, 'आमेन' म्हणा आणि खा. मग प्याला येतो. प्याल्यात खरी द्राक्षदारू असते. सगळे एकाच प्याल्यातून घेतात, दर वेळी कडा पांढऱ्या कापडाने पुसतात. नको असेल तर प्याला आल्यावर दोन्ही हात छातीवर आडवे ठेवा. नुसती भाकर घेतली तरी प्रभुभोजन पूर्ण झालं असंच चर्च मानतं. भाकर प्याल्यात बुडवून घ्यायची असेल तर ती हातावर तशीच ठेवा, प्याला धरणारी व्यक्ती बुडवून देईल. स्वतः बुडवू नका, त्यात बोटं बुडतात. गव्हाचा त्रास असेल तर आधी सांगा, बहुतेक ठिकाणी वेगळी भाकर ठेवलेली असते.

आता मुलांचं. आपल्याकडे दृढीकरण झाल्यावरच पहिलं प्रभुभोजन, अशी शिस्त आपण पाहत आलो. इथे बाप्तिस्मा झालेलं लहान मूलही घेऊ शकतं. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. माझ्या शेजारी गुडघे टेकून तिने दोन्ही हात पुढे केले आणि पाळकांनी तिच्या हातावर भाकर ठेवली. मी एकदम तिचा हात मागे ओढला. पाळक थांबले, माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देऊन पुढे गेले. नंतर कॉफीच्या वेळी त्यांनी समजावलं की घ्यायचं की थांबायचं हे आईवडिलांनी ठरवायचं, चर्चकडून दोन्हीला मान्यता आहे. आम्ही वर्षभर थांबलो, तिला शिकवलं, मग सुरू केलं. तुम्ही घरीच हे ठरवून जा, कठड्याशी ठरवायला लागू नये.

घरातलं कोणी ख्रिस्ती नसेल तर? त्यांनी बाकावर बसून राहिलं तरी चालतं. पुढे यायचं असेल तर हात छातीवर आडवे ठेवायचे, त्यांना आशीर्वाद मिळतो. माझ्या हिंदू मैत्रिणीला आधी वाटलं होतं की प्रसाद नाकारणं अपमानाचं होईल. तिला मी सांगितलं की हा प्रसाद नाही, ज्यांनी बाप्तिस्म्यात वचन दिलं त्यांचं हे जेवण आहे. ती न घेता थांबते त्यातच तिचा आदर दिसतो. ती दर नाताळला आशीर्वाद घेऊन जाते. काही पाळक वेदीवरून सर्वांनाच बोलावतात, पण कॅननमध्ये, म्हणजे चर्चच्या कायद्यात, नियम बाप्तिस्म्याचाच आहे.

६. कॉफीला थांबा आणि कार्ड भरा

उपासना संपली की शेजारच्या हॉलमध्ये कॉफी असते. इथे थांबलात तर ओळख होते. निघून गेलात तर पुढचे सहा महिने तुम्ही अनोळखीच राहता. बाकावर 'न्यूकमर' लिहिलेलं कार्ड असतं, ते ठळक अक्षरात भरा आणि अर्पणाच्या ताटात टाका. त्या दिवशी ताटात पैसे टाकायचीही गरज नाही, कार्ड हेच तुमचं अर्पण समजा.

आपल्याकडे पाळकसाहेब न सांगता घरी येतात, चहा घेतात, प्रार्थना करून जातात. इथे कोणी न विचारता घरी येत नाही. आम्ही वाट पाहत राहिलो आणि मनात धरलं की आपण यांना नको आहोत. तसं नव्हतं. इथे न सांगता दारात उभं राहणं असभ्य समजतात. तुम्ही ऑफिसला फोन करून म्हणा, आमच्या घराला आशीर्वाद द्यायला याल का. आनंदाने येतात. आमच्या घरी आले तेव्हा बरोबर गायकवृंदातली दोन माणसंही आली आणि पुरणपोळी खाऊन गेली.

पाळकांना काय म्हणायचं तेही विचारून घ्या. कोणी 'फादर', कोणी 'मदर', कोणी नुसतं पहिलं नाव सांगतात. वयस्कर माणसाला एकेरी नावाने हाक मारणं जड जात असेल तर 'फादर' किंवा 'मदर' जोडून नाव घ्या.

७. कागदपत्रं: भारतातून निघण्याआधीच

हे कलम माझ्यासाठी सर्वांत महत्त्वाचं आहे, कारण यातच मी सर्वांत जास्त हैराण झाले. भारतातल्या आमच्या जुन्या मंडळीकडून एक पत्र यायला सात महिने लागले. दरम्यान रजिस्टर ठेवणारे निवृत्त झाले होते, कपाटाची किल्ली दुसऱ्याच कोणाकडे होती, आणि पत्र आलं त्यात नवऱ्याचं नाव पासपोर्टवरचं नव्हतं, घरात हाक मारायचं होतं. निघण्याआधी हे बरोबर घ्या:

- बाप्तिस्म्याचा दाखला, घरातल्या प्रत्येकाचा
- दृढीकरणाचा दाखला, त्यावर बिशपांचं नाव आणि तारीख
- चर्चमध्ये लग्न झालं असेल तर त्याचा दाखला
- पाळकांचं बदलीचं पत्र: अमुक कुटुंब आमचं सभासद आहे, प्रभुभोजन घेतं, आम्ही त्यांना निरोप देत आहोत
- रजिस्टरच्या त्या पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो, क्रमांकासह

दाखला मराठीत असेल तर पाळकांकडूनच इंग्रजीत लिहून त्यांचा सही-शिक्का घ्या. नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे असू द्या, आणि रजिस्टरात नाव वेगळं असेल तर 'हीच ती व्यक्ती' असं एक वाक्य पत्रात घालून घ्या. वडिलांचं नाव मधलं की आडनाव, हा गोंधळ इथे प्रत्येक फॉर्मवर होतो.

हे कागद नसतील तर? रविवारी जायला आणि प्रभुभोजन घ्यायला कोणी कागद मागत नाही. सभासद म्हणून नोंद करायची असेल तेव्हाच त्यांची गरज पडते. कागद मिळण्यासारखेच नसतील तर पाळकांशी मोकळेपणाने बोला, बाप्तिस्म्याला हजर असलेल्या नातेवाइकाचं लेखी निवेदन बहुधा पुरतं.

नोंद कशी होते ते कुठून आलात त्यावर ठरतं. सीएनआयमध्ये बिशपांच्या हातून दृढीकरण झालं असेल तर बदलीच्या पत्राने काम होतं. वसईकडचे किंवा गोव्याचे कॅथलिक असाल आणि इथे कायमचं यायचं ठरवलं असेल, तर तुमचं दृढीकरण मान्य असतं, फक्त बिशप भेटीला येतील तेव्हा तुम्हाला रीतसर 'स्वीकारलं' जातं. दृढीकरण झालंच नसेल तर काही आठवड्यांचा वर्ग करून ते बिशपांच्या हातून होतं. बिशपांनी किमान तीन वर्षांतून एकदा प्रत्येक मंडळीला भेट द्यायची असा नियम आहे, पुष्कळ ठिकाणी त्याहून लवकर येतात. बाप्तिस्मा मात्र कोणाचाही पुन्हा होत नाही. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने पाण्याने झालेला एकदाचा बाप्तिस्मा पुरेसा आहे. कोणी दुसऱ्यांदा घ्यायला सांगत असेल तर तुम्ही बहुधा चुकीच्या चर्चमध्ये आहात.

आणि वर्षभरात निदान तीनदा प्रभुभोजन घ्या. चर्चच्या नियमाप्रमाणे 'कम्युनिकंट' म्हणून मोजण्यासाठी तेवढं लागतं.

८. मुलं

लहान बाळांसाठी पाळणाघराची खोली असते, थोड्या मोठ्यांसाठी रविवारची शाळा. मूल उपासनेत रडलं तर ओशाळून बाहेर पळू नका, बहुतेक ठिकाणी मागे मुलांचा कोपरा असतो.

मुलांबरोबर काम करायची इच्छा दाखवलीत तर तुमची पार्श्वभूमी तपासतील आणि सुरक्षिततेचं प्रशिक्षण घ्यायला लावतील. यात अविश्वास शोधू नका. बिशपांपासून सगळ्यांना तेच लागू आहे, आणि तुमच्या मुलांसाठीच ते आहे.

बाळाचा बाप्तिस्मा तुम्हाला हव्या त्या तारखेला होईलच असं नाही. प्रार्थनापुस्तकात त्यासाठी खास दिवस सुचवलेले आहेत: ईस्टरची रात्र, पन्नासाव्या दिवसाचा सण (पेंटेकॉस्ट), सर्व संतांचा दिवस किंवा त्यानंतरचा रविवार, प्रभूच्या बाप्तिस्म्याचा रविवार, आणि बिशप येतात तो दिवस. आजी-आजोबांची विमानाची तिकिटं काढायच्या आधी पाळकांशी बोला. धर्ममातापित्यांपैकी निदान एकाचा तरी बाप्तिस्मा झालेला असावा लागतो.

९. पैशांचं

आपल्याकडे मासिक वर्गणी असते आणि सुगीच्या सणाला लिलाव होतो. इथे ऑक्टोबर-नोव्हेंबरात एक कार्ड येतं, त्याला 'प्लेज' म्हणतात. पुढच्या वर्षी साधारण किती देऊ शकाल ते त्यावर लिहायचं. हे बिल नाही. नोकरी गेली, खर्च आला, तर ऑफिसला कळवून आकडा बदलता येतो आणि कोणी कारण विचारत नाही. पाळकांचा पगार, वीज, छत, सगळं यावरच चालतं, वरून कुठून पैसा येत नाही. म्हणून झेपेल तेवढं, पण लिहून द्या.

ताटात सुट्टी रोख टाकली तर तिची नोंद तुमच्या नावावर होत नाही. क्रमांकाची पाकिटं मागून घ्या किंवा चेक लिहा. एका वेळी २५० डॉलर किंवा त्याहून जास्त दिलेत आणि करात सवलत मागायची असेल तर चर्चची लेखी पावती हवीच.

१०. आजारपण आलं तर स्वतः कळवा

हॉस्पिटलात दाखल झालात तर चर्चला आपोआप कळत नाही. खासगीपणाचा कायदा कडक आहे, हॉस्पिटल स्वतःहून फोन करत नाही. घरच्या कोणाला तरी चर्चच्या ऑफिसचा नंबर देऊन ठेवा. बहुतेक चर्चच्या निरोपयंत्रावर पाळकांचा तातडीचा नंबर असतो, रात्री दोनलाही लावा. प्रार्थनेच्या यादीत नाव घालायचं की नाही तेही सांगा, कारण रविवारी ती यादी सर्वांसमोर वाचली जाते.

११. एक काम मागून घ्या

वर्ष होत आलं की पाळकांना किंवा वॉर्डनना जाऊन म्हणा, मला काहीतरी काम द्या. वॉर्डन म्हणजे आपल्या पास्टोरेट कमिटीच्या धर्तीवर इथे जी व्हेस्ट्री असते, तिचे प्रमुख. इंग्रजी कमी येत असेल तरी करता येण्यासारखी कामं पुष्कळ आहेत.

मी वेदीची सेवा करणाऱ्या गटात गेले. शनिवारी सकाळी चार जणी जमतो. प्याला पुसायची पांढरी कापडं आधी गार पाण्यात खळबळायची, ते पाणी गटारात न टाकता झाडांच्या मुळाशी ओतायचं. मग धुवायची, ओलसर असतानाच इस्त्री करायची. प्रत्येक कापड आधी लांबीत तीन घड्या, मग रुंदीत तीन घड्या, म्हणजे नऊ चौकोन पडतात आणि मधल्या चौकोनात लाल धाग्याने भरलेला क्रूस वर येतो. माझी पहिली घडी वाकडी आली. शेजारच्या बाईंनी ती मोडून, माझ्या हातावर हात ठेवून पुन्हा घातली. तीन वर्षं त्या इस्त्रीच्या टेबलापाशीच मी इंग्रजी बोलायला शिकले, आणि त्यांच्या नवऱ्याच्या आजारपणात मीच त्यांच्याकडे डबा नेत होते.

आणखी एक काम खास आपल्यासाठी आहे. पन्नासाव्या दिवसाच्या सणाला, ईस्टरनंतरच्या सातव्या रविवारी, पुष्कळ चर्चमध्ये प्रेषितांच्या कृत्यांतला दुसरा अध्याय अनेक भाषांत एकाच वेळी वाचतात. दोन-तीन आठवडे आधी ऑफिसला कळवा की मला मराठीत वाचायचं आहे. उतारा देवनागरीत, मोठ्या अक्षरात छापून न्या. मराठी बायबल घरातून आणलं नसेल तर मोबाइलवर मिळतं, पण वाचताना हातात कागदच असू द्या. शनिवारी एकदा जाऊन माइकपाशी उभं राहून म्हणून पाहा, म्हणजे आवाज कुठवर पोचतो ते कळतं. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा स्पॅनिश, कोरियन, इग्बो आणि माझी मराठी एकदम सुरू झाली. सगळे थांबले तरी माझी दीड ओळ उरली होती, आणि ती संपेपर्यंत अख्खं चर्च शांत उभं होतं.